जुन्या बंदुकीची नवी नळी

थीसिअसच्या नौकेचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना फार आवडतो, असा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. अथेन्सच्या लोकांनीं त्या वीराची तीस वल्ह्यांची नौका पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेविली. एखादी फळी कुजली कीं ती काढून तिच्या जागीं नवी बसवावी, असा क्रम चालला. आणि अशा रीतीनें फळ्या बदलत गेलेली ही नौका तीच कीं दुसरी, असा वाद तेथल्या पंडितांत माजला. प्लूटार्कनें ही हकीकत लिहून ठेविली आहे. वर्गांत हा प्रश्न टाकला कीं मागच्या बांकांवरचीं मुलेंहि जागीं होतात. पण त्या वादांत एक उणीव आहे, आणि तास संपल्यावर ती आम्हांस नेहमीं टोंचते. उत्तर चुकलें म्हणून त्यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं! ती नौका घेऊन कोणी समुद्रावर जाणार नव्हता. जाणार असता, तर 'तीच कीं दुसरी' हें विचारण्याच्या आधीं 'गळते कीं नाहीं' हें त्यानें विचारलें असतें.

हे दोन प्रश्न जेथें एकमेकांपासून सोडवितांच येत नाहींत असें एखादें उदाहरण आम्ही पुष्कळ दिवस शोधीत होतों. तें सांपडलें इंग्लंडांतील बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या धंद्यांत. सव्वाशें वर्षांपूर्वींची एखादी उत्तम दुनळी शिकारी बंदूक घ्या. दस्ता अक्रोडाचा, कळेवर नाजूक नक्षी, सारें शाबूत. पण नळ्या निकामी झालेल्या. तिला नव्या नळ्या बसवाव्या काय? बसविल्या तर ती बंदूक तीच राहते काय? आणि न बसवितां कोणी ती उडविली, तर नळीखालीं धरलेल्या त्याच्या डाव्या हाताचें काय होईल? वाचकांनीं असें समजूं नये कीं आम्हांस शिकारीचा षोक आहे. आम्हीं जन्मांत चिमणीहि मारली नाहीं, आणि ह्या वयांत तसा बेतहि नाहीं. आमचें लक्ष आहे तें त्या कारागिराच्या मेजावर येऊन पडलेल्या प्रश्नाकडे.

प्रथम नळी निकामी कां होते तें पाहूं. एकोणिसाव्या शतकांत उंची बंदुकांच्या नळ्या बहुधा सलग पोलादाच्या नसत. लोखंड व पोलाद यांचे थर एकावर एक रचून, तापवून, ते एकजीव करीत. त्यांच्या चौकोनी कांबी काढून त्या दोरासारख्या पिळीत. अशा दोन-तीन पिळलेल्या कांबी शेजारींशेजारीं जोडून त्यांची एक पट्टी करीत. आणि ती पट्टी एका गजाभोंवतीं वेटोळीं घालून, तापवून व ठोकून तिची नळी बनवीत. पुढें तिच्यावर तेजाबाचा संस्कार झाला कीं लोखंड आणि पोलाद हीं निरनिराळा रंग धरीत, आणि नळीच्या अंगावर शालीच्या कांठासारखी वेलबुट्टी उमटे. हिला दमास्कसची नळी म्हणत. बर्मिंगहॅम आणि बेल्जममधील लिएज हीं ह्या कामाचीं मोठीं ठिकाणें होतीं. ही कल्पना केवळ युरोपचीच नव्हती. अबुल फजलनें 'आइने अकबरी'मध्यें अकबराच्या कारखान्यांतील नळी करण्याची रीत दिली आहे. तींतहि लोखंडाचा पत्रा कागदाच्या सुरळीसारखा तिरपा गुंडाळून, कडेवर कड चढवून, आगींत एकजीव करण्याचें वर्णन आहे.

अशी नळी दिसण्यांत सुंदर खरी, पण ती आरंभापासून अखेरपर्यंत जोडांचीच बनलेली. एखाद्या जोडांत कीट राहून गेलें असेल तर तें बाहेरून दिसत नाहीं. त्यांत जुनी काळी दारू. तिची जळलेली राख हवेंतला ओलावा शोषून घेते, आणि बंदूक रात्रीं न पुसतां ठेवणाऱ्या आळशी नोकराच्या कृपेनें नळीच्या आंत गंजाचे खड्डे पडूं लागतात. ते खड्डे काढण्यासाठीं नळी आंतून घांसावी. घांसली कीं भोंक रुंदावलें आणि भिंत बारीक झाली. बाहेर पोंचे पडावे, ते वर उचलून कानशीनें सारखे करावे. भिंत आणखी बारीक झाली. असें तीन पिढ्या चाललें म्हणजे मूळच्या भिंतीचें काय उरत असेल? धंद्यांतले जाणते लोक म्हणतात कीं भिंत इंचाच्या वीस सहस्रांशाहून कोठेंहि कमी नसावी. वीस सहस्रांश म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीच्या दुपटीहून फार अधिक नव्हे. तेवढ्या आडोशाच्या एका बाजूस स्फोट होत असतो आणि दुसऱ्या बाजूस माणसाची बोटें असतात.

दुसरी अडचण काळानें आणिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बिनधुराची दारू आली; तिचा जोर काळ्या दारूहून निराळ्या रीतीनें उठतो. सलग पोलादाच्या नळ्या आल्या, आणि पहिलें महायुद्ध येईपर्यंत इंग्लंडांतला पिळाच्या नळ्यांचा धंदा बव्हंशीं बसला. काडतुसेंहि लांबलीं. जुन्या इंग्रजी बारा नंबरच्या बंदुकींत काडतुसाचें घर सामान्यतः अडीच इंचांचें असे. आजचें पुष्कळसें काडतूस पावणेतीन इंचांचें असतें. गंमत अशी कीं तें त्या घरांत सुखानें शिरतें, कारण न उडविलेल्या काडतुसाचें तोंड मुडपलेलें असतें. तें उलगडतें तें बार झाल्यावर, आणि उलगडण्यास जागा नसली कीं दाब वाढतो. दमास्कसची प्रत्येक नळी धोक्याची असा याचा अर्थ नव्हे. नीट जपलेल्या कित्येक नळ्या बिनधुराच्या दारूच्या परीक्षेंतहि उतरलेल्या आहेत. पण कोणती नळी कोणत्या वर्गांतली हें नुसत्या डोळ्यांनीं सांगतां येत नाहीं, आणि वेलबुट्टीकडे पाहून तर मुळींच नाहीं.

आतां नवी नळी बसविण्याचें काम. अनभिज्ञ मनुष्यास वाटावें कीं जुनी नळी उतरविली, तशीच दुसरी आणून अडकविली, संपलें. कारखान्यांत साच्यानें काढलेल्या बंदुकीचें तसें होऊं शकतें. हातानें घडविलेल्या बंदुकीची गोष्ट अगदीं निराळी. तेथें प्रथम नळ्या तयार होत; मग त्या नळ्या समोर ठेवून दुसरा कारागीर तिची चौकट, म्हणजे ज्या पोलादी भागावर नळ्या बिजागरीनें मोडतात तो भाग, त्यांच्या मापानें कानशीनें घांशी. नळी थोरली, चौकट धाकटी. नव्या नळीच्या वेळीं हें नातें उलटतें. आतां चौकट वडील झालेली असते आणि नवागत नळीला तिच्या सगळ्या संवयी संभाळाव्या लागतात. नव्वद वर्षांत बिजागरीचा खिळा एका बाजूस झिजला असेल तर ती झीजहि त्या संवयींत आली.

नळ्यांच्या बुडाखालीं एक पोलादी आंकडा असतो; तो त्या खिळ्यावर बसावा लागतो. त्यांतल्या खांचांत खालचा अडसर शिरावा लागतो (हा दुहेरी पकडीचा अडसर लंडनच्या पर्डी ह्या कारखानदारानें 1863 मध्यें काढला, आणि तो आजहि चालू आहे). नळ्यांचें बूड चौकटीच्या उभ्या भिंतीला असें भिडलें पाहिजे कीं मध्यें सिगारेटचा पातळ कागदहि जाऊं नये. हें साधण्याची युक्ति आपल्याकडच्या कोणाहि जुन्या सुताराला पटेल अशी आहे. दिव्याची काजळी धरून ती एका भागावर लावावयाची, बंदूक मिटावयाची, उघडावयाची, आणि दुसऱ्या भागावर काळें कोठें लागलें तें पाहून तेवढेंच कानशीनें काढावयाचें. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. हा क्रम दिवसेंदिवस चालतो. एकदां जास्त निघालें तर निघालेलें पोलाद परत येत नाहीं. मग दोन्ही नळ्या एकमेकींस जोडावयाच्या, त्या अशा कीं दोहोंचे छर्रे चाळीस यार्डांवर एकाच ठिकाणीं जावे. मधली पट्टी कथिलाच्या डाखानें बसवावयाची. काडतुसें बाहेर ढकलणारा भाग नवा करावयाचा. शिवाय वजन. साडेसहा रत्तलांच्या बंदुकींत जवळजवळ निम्मा भार नळ्यांचा. नवी नळी पावशेरानें जड झाली कीं बंदुकीचा तोल पुढें सरकतो, आणि जी खांद्याला आपोआप लागत होती ती उचलावी लागते. मूळची बंदूक एका विशिष्ट मनुष्याच्या हाताच्या लांबीवर आणि गालाच्या ठेवणीवर बेतलेली असे. तो मनुष्य केव्हांच गेला. पण त्याच्या अंगाचें माप त्या तोलांत राहिलेलें असतें.

ह्या सगळ्याला लागणारा खर्च पुष्कळदां खुद्द बंदुकीच्या किंमतीहून अधिक होतो. मग मनुष्य हा खर्च करतो तो काय राखण्यासाठीं? येथून आमचा विषय सुरू होतो.

आमच्या नैयायिकांनीं ह्या प्रश्नाचा विचार वस्त्राचें उदाहरण घेऊन केला आहे. त्यांच्या मतें अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तु, ही तिच्या अवयवांहून निराळी असते; म्हणून वस्त्राचा एक तंतु काढला तरी पहिलें वस्त्र नष्ट होऊन 'खंडपट' म्हणून दुसरेंच उत्पन्न होतें. ह्या हिशेबानें दस्त्याचा एक खिळा बदलला तरी बंदूक नवी! तर्क निर्दोष आहे, पण त्यावर दुकान चालणार नाहीं. उलट बौद्धांच्या 'मिलिंदपञ्हां'तील नागसेन म्हणेल कीं, नळी बंदूक नव्हे, दस्ता बंदूक नव्हे, कळ बंदूक नव्हे; ह्या सर्वांच्या मेळाव्यास चालविलेलें तें एक नांव. लॉकनें आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या 1694 च्या आवृत्तींत ह्यावर एक प्रकरण वाढविलें. त्याच्या मताचा आशय असा कीं, ओकच्या झाडाचें तेंचपण त्याच्या द्रव्यांत नसून सर्व भागांना एका जीवनक्रमांत गोंवणाऱ्या रचनेंत असतें. बंदुकीला जीवनक्रम नसला तरी रचना आणि उद्देश आहेत. त्या दृष्टीनें, जी नळी उडवितां येत नाहीं ती तशीच ठेवणें हेंच बंदुकीचें बंदूकपण घालविणें होय.

कायद्याकडे वळावें तर त्याचेंहि एकमत नाहीं. अमेरिकेच्या 1968 च्या कायद्यानें चौकटीलाच बंदूक मानलें आहे. 1898 पर्यंत तयार झालेली बंदूक तेथें पुराणवस्तु ठरते, आणि नळी बदलली म्हणून तिच्या चौकटीचें वय बदलत नाहीं. इंग्लंडांत मात्र कायद्याचा डोळा नळीवर आहे. तेथें बंदुकांची परीक्षा घेणारीं दोन सार्वजनिक गृहें आहेत: लंडनच्या बंदूककारांच्या संघाला 1637 मध्यें सनद मिळाली, आणि बर्मिंगहॅमचें परीक्षागृह 1813 च्या कायद्यानें निघालें. 1868 च्या कायद्यानें परीक्षेंत न उतरलेली किंवा पुढें परीक्षेच्या मर्यादेबाहेर गेलेली बंदूक विकणें हा गुन्हा ठरविला आहे. नवी नळी बसली कीं बंदुकीला पुन्हा तेथें जावें लागतें. तेथें नेहमीच्या दाबाहून बराच अधिक दाब देणारें काडतूस तिच्यांत घालून तें उडवितात. टिकली तर शिक्का मारतात, फुटली तर तुकडे मालकाच्या हवालीं.

ह्या शिक्क्याविषयीं आम्हांस फार आदर वाटतो, आणि त्याचें कारण तो किती थोडें बोलतो हें आहे. बंदूक जुनी आहे, सुंदर आहे, अमक्या उमरावाची आहे, यांपैकीं कांहींच तो म्हणत नाहीं. अमक्या व्यासाच्या ह्या नळीनें त्या दिवशीं अमुक दाब सोसला, एवढीच त्याची साक्ष. पुढें काय झालें तें तो सांगत नाहीं, आणि सांगतों असा आवहि आणीत नाहीं. परीक्षागृह नळीच्या आंतला व्यास मोजतें. भिंत किती जाड असावी याची मर्यादा कायद्यानें घातलेली नाहीं. म्हणजे शिक्का खरा आणि भिंत मात्र वर्तमानपत्राएवढी, अशी बंदूक कायद्यानें निर्दोष ठरूं शकते. विकणारा नुसता शिक्का दाखवून गप्प बसला तर तो खोटें बोलला काय? आमच्या मतें बोलला. साक्षीदारानें जेवढें सांगितलें त्याहून अधिक घेणाऱ्यानें ऐकलें, हें ज्याला ठाऊक होतें आणि ज्यानें तें दुरुस्त केलें नाहीं, त्यानें तें अधिकचें स्वतःच सांगितल्यासारखें आहे.

'तीच' हा शब्द बाजारांत कोणीतरी कोणाला तरी सांगत असतो. तो हवेंत तरंगत नसतो. शिकाऱ्याला 'तीच' म्हणजे तोच तोल आणि तोच विश्वास. संग्राहकाला 'तीच' म्हणजे त्याच मृत कारागिरांच्या हातचें काम. नातवाला 'तीच' म्हणजे आजोबांची. एकाच नव्या नळीनें पहिल्याला सर्व कांहीं मिळतें, दुसऱ्याचें बरेंचसें जातें, तिसऱ्याचें जातें कीं नाहीं हें त्या नातवानें ठरवावें. म्हणून 'तीच आहे' हें विधान खरें कीं खोटें हें ऐकणाऱ्याला वगळून ठरत नाहीं. यावर आमचे कांहीं मित्र म्हणतील कीं ही सोईस्कर पळवाट झाली, सत्य ऐकणाऱ्यागणिक बदलूं लागलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. बंदुकीचें काय झालें हें सत्य एकच आहे: अमक्या सालीं अमक्यानें नळ्या बदलल्या. तें पूर्ण सांगितलें कीं ज्यानें त्यानें आपला निवाडा करावा. निवाडा निरनिराळा होईल, हकीकत होणार नाहीं.

ह्याच कसोटीवर त्या धंद्यांतल्या निरनिराळ्या रीती घांसून पाहण्याजोग्या आहेत. संपूर्ण नव्या नळ्या हा महाग मार्ग. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत एक स्वस्त मार्ग रूढ झाला. जुन्या नळ्या बुडापासून सुमारें तीन इंचांवर कापावयाच्या, उरलेलें बूड आंतून रुंद करावयाचें, आणि त्यांत नव्या पोलादी नळ्या खोंचून झाळावयाच्या. आंकडा, खांचा, अडसर सारें मूळचेंच राहतें, त्यामुळें काजळी आणि कानशीचें तें दीर्घ काम वांचतें. जोड चांगला घांसला तर दिसत नाहीं. आणि दिसत नाहीं म्हणूनच तेथील नियमानें अशा नळीवर 'स्लीव्ह्‌ड' हा शब्द ठसविणें भाग आहे. नियम करणाऱ्यांस माणसाची परीक्षा होती. अलीकडे तिसरी रीत निघाली आहे. जुन्या नळीच्या आंत पोलादाचें पातळ अस्तर घालतात, बाहेरची वेलबुट्टी तशीच राहते, आणि तिलाहि पुन्हा परीक्षागृहाची पायरी चढावी लागते.

अस्तराची रीत ऐकून प्रथम आम्हांस नाक मुरडावेंसें वाटलें. वरून जुनें सोंग आणि आंतून नवें पोलाद! पण जरा विचार केल्यावर हा आक्षेप टिकत नाहीं. अस्तर घातलें म्हणून सांगितलें असेल तर सोंग कसलें? आमचा खरा आक्षेप आहे तो कापण्यावर. नव्या नळ्या करविल्या तर जुन्या बाजूला ठेवतां येतात. त्या नष्ट होत नाहींत. कापलेल्या नळ्या मात्र गेल्या. शंभर वर्षांपूर्वीं कोणी तो पीळ घातला, तें काम करणारे हात आतां नाहींत, आणि तो तुकडा भंगारांत जातो. हें म्हणतांना दुसरी बाजू आम्ही विसरत नाहीं. ज्याच्यापाशीं नव्या नळ्यांचा पैसा नाहीं, त्याच्यापुढें कापणें कीं नव्या नळ्या हा पर्यायच नसतो; त्याच्यापुढें कापणें कीं बंदूक माळ्यावर गंजूं देणें हा असतो. अशा मनुष्यास दोष देण्याचा अधिकार, तो खर्च सोसण्यास जो तयार असेल त्यानेंच गाजवावा. साध्या बंदुकीच्या कुजलेल्या नळ्या खुशाल कापाव्या. उत्तम नळ्या, ज्यांचें आयुष्य काळ्या दारूच्या हलक्या बारांवर अजून चालेल, त्या नुसत्या आजच्या जोरकस काडतुसांच्या हौसेसाठीं कापणें हें मात्र आम्हांस सहन होत नाहीं.

कांहीं संग्राहकांचें म्हणणें ह्याहून कडक आहे. कांहींच करूं नका, ते म्हणतात. भिंतीवर टांगा, उडवूं नका. ज्याच्या घरीं ती टांगली आहे तो जिवंत आहे तोंवर हें ठीक. पण बंदूक वारसाकडे जाते, वारस ती विकतो, आणि 'उडवूं नका' ही सूचना वस्तूबरोबर क्वचितच प्रवास करते. पोथी जीर्ण झाली तर वाचणाऱ्याचा हात तुटत नाहीं.

हॉब्जनें 1655 मध्यें थीसिअसच्या नौकेला एक पाचर मारून ठेविली आहे. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून त्यांची दुसरी नौका बांधली, तर आतां खरी कोणती? वर्गांत आम्ही हें केवळ बुद्धीचा व्यायाम म्हणून सांगतों. ह्या धंद्यांत तें घडूं शकतें. नव्या नळ्या आल्या, जुन्या पेटींत राहिल्या. पुढें पेटी फुटली, जुन्या नळ्या वेगळ्या विकल्या गेल्या, आणि त्याच कारखान्याच्या दुसऱ्या एखाद्या चौकटीवर कोणी त्या बसविल्या. आतां एका क्रमांकाच्या दोन बंदुका झाल्या. दोन्हींवर त्याच प्रसिद्ध कारखानदाराचें नांव, कारण तें नांव चौकटीच्या बाजूवरहि असतें आणि नळ्यांमधल्या पट्टीवरहि. त्यांपैकीं एकीवर तें त्याच्या अनुमतीवांचून बोलत आहे. नांव म्हणजे दिलेला शब्द. नव्या नळ्या मूळच्या कारखान्यानेंच केल्या तर तो शब्द त्यानें पुन्हा दिला असें होतें, आणि तोच क्रमांक नव्या नळ्यांवर घालण्याचा त्याला अधिकार आहे. त्रयस्थानें केल्या तर त्यानें स्वतःचें नांव घालावें. जुन्या पट्टीवरचें नांव हुबेहूब उतरवून काढणें ही, कितीहि सुबक असली तरी, दुसऱ्याची सही आहे.

त्या धंद्यांतले सचोटीचे लोक पट्टीवर 'नळ्या अमक्याच्या' असें कोरतात, कोणी सालहि घालतात. कित्येक मालकांना तें आवडत नाहीं. किंमत उतरते म्हणतात. उतरत असेल. अबुल फजलनें लिहिलें आहे कीं अकबराच्या प्रत्येक बंदुकीवर लोखंडाचें वजन, तें कोठून आणलें तें ठिकाण, कारागिराचें नांव, बंदूक जेथें घडली ती जागा, साल-महिना आणि क्रमांक इतकें सारें घालीत असत. बादशहाच्या मालावर एवढ्या मजकुराला जागा होती. अठ्ठावीस इंचांच्या पट्टीवर चार शब्दांना ती नाहीं असें कोणी म्हणूं लागला, तर नक्षीदारानें त्याला फूटपट्टी दाखवावी.